‘हो’ पुढची खूण

सकाळी सात वाजता थोरलीच्या हातात सुई असायची, पण कापडाची नव्हे.

धाकटी पलंगाच्या कडेला बसायची, गाऊन वर धरायची, डोळे गच्च मिटायची आणि म्हणायची, "ताई, सांगून टोचा हं."

"सांगून टोचलं म्हणून कमी टोचतं होय?"

"तरी सांगा."

"सांगितलं." तोवर सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची आणि थोरली कापसाचा बोळा दाबून उभी असायची.

"कळलंसुद्धा नाही! काय हात आहे तुमचा, फुलासारखा."

थोरली हसायची. हात हलका व्हायला सात वर्षं लागली होती, आणि ती सातही वर्षं तिच्या स्वतःच्या पोटावरून गेली होती. तीन वेळा बीजं काढली, तीन वेळा गर्भ आत सोडला, तीन वेळा ती चौदा-चौदा दिवस तळहातावर दिवा घेतल्यासारखी घरभर चालली. तिन्ही वेळा दिवा विझला. आता तीच सुई, तेच औषध, तीच वेळ. पोट तेवढं दुसरीचं. त्या तुकतुकीत पोटावर अजून एकही जुना डाग नव्हता. चिमटीत धरलेली कातडी सोडताना थोरलीच्या बोटांना रोज वाटायचं, जराशी जास्तच दाबावी.

दाबली नाही कधी. पण वाटायचं.

दोघी सख्ख्या भावांच्या बायका, एका घरातल्या जावा. वर राहायचं आणि खाली दुकान, शाळेचे गणवेश शिवायचं. पुढे काउंटरवर दोघे भाऊ मापं घेत, मागच्या लांबट खोलीत बायकांचं राज्य. सासूबाई खिडकीपाशी काज-बटणाला, धाकटी मशीनवर आणि थोरली कटिंगच्या टेबलापाशी. वीस-वीस पदरी कापड अंथरून, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून, खडूची रेघ ओढून ती कात्री चालवायची ती अशी, की पाहणाऱ्याला वाटावं कापड आपणहून वाट देतंय. पहिलीतल्या पोराची छाती चोवीस, चौथीतल्याची अठ्ठावीस. साऱ्या वस्तीतल्या पोरांची अंगं तिला पाठ. बाजूला आणि तळाशी बोटभर माया सोडून ती कापायची, म्हणजे पोर वाढलं की शिवण उसवून सदरा सैल करता यावा. हजारो पोरांच्या वाढीची सोय तिच्या हातून झाली होती.

तिच्या स्टुलावर एक उशी असायची, चिंध्या भरून सासूबाईंनी शिवलेली. थोरलीच्या पहिल्या खेपेला त्यांनी ती शिवली होती, "तासन् तास बसतेस, कंबर जपावी." या महिन्यात उशी मशीनच्या खुर्चीवर गेली. कोणी काही बोललं नाही. उशी गेली, उशीमागे सकाळचं दूध गेलं, दुधामागे "तू बस गं, मी करते" गेलं. जे जे आपलं म्हणून मिळालं होतं ते ते पायांनी चालत शेजारच्या खुर्चीपाशी जाऊन बसलं.

धाकटीच्या लग्नाला तीनच वर्षं झाली होती. नळ्या बंद निघाल्या म्हणून डॉक्टरांनी थेट इथंच पाठवलं, थोरलीच्याच टेस्ट-ट्यूब केंद्रात, थोरलीच्याच डॉक्टरीणबाईंकडे. कानामागून आली आणि तिखट झाली. आणि थोरलीला, जिची वाट सात वर्षांची, तिला वाटेतच उभं केलेलं.

ते उभं करणं असं घडलं होतं. चौथ्या खेपेची तयारी चालली होती, दोन गर्भ गोठवून ठेवलेले होते. डॉक्टरीणबाईंनी तिची जाडजूड फाईल एक-एक पान उलटून पाहिली आणि विचारलं, "गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी कुठे आहे? पॅप?"

"झालीये की," थोरली म्हणाली होती. "सात वर्षं तुम्ही दुसरं काय करताय? आता तिथे पाटी लावून भेटीच्या वेळा लिहायच्या बाकी आहेत."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "सोनोग्राफीत आम्ही पिशवी बघतो, बीजं मोजतो, अस्तराची जाडी मोजतो. तोंडावरच्या पेशी त्यात दिसत नाहीत. त्या ब्रशनं अलगद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. ही तपासणी निराळी."

थोरलीला लगेच कळलं. कापडाचा पन्हा मोजला म्हणून विणीतला दोष कळत नाही. तो कळायला कापड उजेडाला धरावं लागतं. सात वर्षांत तिला कोणी उजेडाला धरलं नव्हतं.

अहवाल आला तो वाईट. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेल्या पेशी होत्या. आणखी बारकाईनं पाहून तेवढा भाग तापलेल्या तारेनं काढला. "वेळेवर सापडलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता सहा महिने थांबायचं, पुन्हा तपासायचं, मग पुढे." आणि हेही सांगितलं, की दिवस गेल्यावर ही तपासणी सहसा करत नाहीत, बाळंतपणानंतरवर ढकलतात, तोवर वर्ष-सव्वा वर्ष जातं आणि आत काही असलंच तर त्याला तेवढी मोकळीक मिळते. म्हणून आधी.

त्या सहातला एक महिना सरला होता, पाच उरले होते. अशात धाकटीची इंजेक्शनं सुरू झाली, आणि सासूबाई म्हणाल्या, "बाहेर कुठे टोचायला जायचं? आपल्या घरात आहे ना जाणकार."

जाणकार! थोरलीनं तो शब्द गिळला. मशीनचा पायटा दिवसभर खडखडायचा आणि त्या तालावर तिच्या मनात दोन ओळी घोळायच्या, तिच्या तिलाच सुचलेल्या:

*जावा आम्ही जावा, एका दिव्याच्या दोन वाती,*
*एकीचा उजेड पडे, दुसरी नुसती जळती.*

पाचव्या दिवशी टोचून झाल्यावर धाकटी पोटावर बोळा धरून म्हणाली, "ताई, एक विचारू? रागवाल."

"विचार. रागवायचं की नाही ते मग बघू."

"तुमचं ते थांबलं... नक्की कशानं? मी विचारलं तर हे म्हणतात, बायकांचं काहीतरी. यांना सगळं बायकांचं काहीतरीच असतं."

"पिशवीच्या तोंडाची तपासणी केली, त्यात निघालं."

"हां, ती. ती माझी झाली, बाई. फॉर्मवर विचारलं होतं. मी ‘हो’ पुढे खूण केली आणि तारीखपण घातली."

थोरलीचा हात सुई डब्यात टाकता टाकता थांबला. "कधी झाली?"

"पहिल्याच दिवशी नाही का? ती दांडी आत घालतात आणि टीव्हीवर दाखवतात, तीच. मला तर वाटलं बातम्या लागतील आता." ती स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसली. "काउंटरवरची म्हणाली, कागद आणून द्या. मी म्हटलं, तुमच्याकडेच झालीये, तुम्हीच काढा. तिनं शिक्का मारला."

फाईल पातळ असली की कोणी उलटून बघत नाही. थोरलीच्या ओठांवर वाक्य आलं, ‘अगं वेडे, ती ही नव्हे’. अगदी जिभेच्या टोकावर आलं. तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली, "झालं का गं? दूध निवतंय तुझं!"

धाकटी उठली, "आले आई," म्हणत जिना उतरून गेली. वाक्य जिथल्या तिथे राहिलं. थोरलीनं ते परत गिळलं, आणि गिळताना तिला ते कडू लागलं नाही. याची तिला नंतर भीती वाटली.

त्या दिवशी तिनं साठ सदरे कापले. हेवा काही ढोल बडवत येत नाही. तो पायातलं बाहेर काढून, पाय पुसून, घरच्यासारखा आत येतो आणि शहाण्यासारखं बोलतो. तो म्हणाला, तू कशाला मध्ये पडतेस? तिची फाईल, तिचे डॉक्टर. तू फॉर्म भरलास का? मग तोच हेवा दुसऱ्या कानाशी गेला आणि म्हणाला, सांगून टाक. सांगितलंस तर तिचंही थांबेल. तुझं थांबलं तसंच. सांगणं तर पुण्याचं काम. सुंठीवाचून खोकला जाईल.

थोरली दचकली. दोन्हीकडून एकच आवाज. न सांगावं तर हेवा, सांगावं तर हेवा. चांगल्या वाटेनं जायचं म्हटलं तरी ती वाटसुद्धा त्याच्याच अंगणातून जात होती.

दुपारी थोरला नवा तागा खांद्यावर घेऊन आत आला, तेव्हा तिनं त्याला गाठलं. दोघांनी कापडाची दोन टोकं धरली. घडी घालता घालता तिनं सांगितलं.

थोरला बराच वेळ टोकाशी टोक जुळवत राहिला. "तू बोलू नकोस."

"का?"

"का म्हणजे? सगळ्यांना काय वाटेल? स्वतःचं अडलं म्हणून हिनं दुसरीच्या वाटेत काठी घातली."

"आणि तिच्या आत काही असलं तर?"

"एकोणतिशीची पोर आहे. काय असणार?"

"मलाही काही नव्हतं. विचारीपर्यंत."

थोरल्यानं घडी छातीशी धरली. "खरं सांग, तुला तिची काळजी वाटते?"

नवऱ्यानं विचारू नये असा प्रश्न त्यानं विचारला होता, आणि बायकोनं देऊ नये असं उत्तर तिच्याकडे होतं. "आधी नाही वाटली," ती म्हणाली. "आधी बरं वाटलं. काळजी मागून आली, धापा टाकत."

"मग बोलूच नकोस," तो म्हणाला आणि काउंटरवर गेला.

सहावा दिवस गेला, सातवा गेला. ती टोचत राहिली. धाकटीच्या पोटावर आता बारीक निळे ठिपके उठले होते. थोरली ते मोजायची आणि दर ठिपक्यागणिक मनात म्हणायची, उद्या सांगते.

आठव्या दिवशी दुपारी सासूबाई काज-बटणाचा ढीग बाजूला सारून टेबलापाशी आल्या. हातात पांढऱ्या मऊ कापडाचा तुकडा होता, सदऱ्यांच्या अस्तरातून उरलेला.

"हे बघ गं, किती मऊ आहे. एक झबलं निघेल का?"

"कुणाचं?" थोरलीनं विचारलं, जसं काही कळलंच नव्हतं.

"कुणाचं काय विचारतेस? चार दिवसांत बीजं काढतील, मग आत सोडतील. आता वेळ किती राहिला? तुझ्या हातचं कापलेलं असू दे."

मशीन थांबलं होतं. धाकटी मान खाली घालून हसत होती, लाजत होती. खिडकीतून ऊन त्या तुकड्यावर पडलं होतं आणि तो तुकडा खरोखरच फार मऊ होता. सात वर्षं. तीन वेळा. एकदाही त्या असं कापड घेऊन आल्या नव्हत्या. ‘नजर लागेल, आधी काही करू नये’ म्हणायच्या. म्हणजे नजर लागायची भीती थोरलीच्या बाळाला, आणि धाकटीच्या बाळाला नजर लागायची ती कुणाची? तिला तर हाती कात्री देऊन जवळ उभं केलं होतं!

थोरलीनं कात्री टेबलावर ठेवली. आवाज जरा मोठाच झाला.

"झबलं राहू द्या. तिची तपासणी झालेली नाही."

"कसली?"

"पिशवीच्या तोंडाची. फॉर्मवर खोटी खूण केलीये तिनं. सोनोग्राफीलाच ती तपासणी समजली. डॉक्टरीणबाईंना कळलं तर आत काही सोडणार नाहीत."

‘खोटी’ म्हणायची गरज नव्हती. ‘चुकीची’ म्हणता आलं असतं. पण तोंडातून निघाला तो शब्द तोच.

धाकटी उठून उभी राहिली. "मी खोटं लिहिलं?"

"मी तसं नाही..."

"तसंच म्हणालात! पाचव्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं. आज आठवा. तीन दिवस तोंड शिवलं होतंत का? बरोबर आज उसवलं, आईंनी कापड आणल्यावर?" ती टेबलापाशी आली. "तुमच्या पोटात दुखतंय, ताई. पहिल्या दिवसापासून. मला काय कळत नाही? मी धाकटी आहे, आंधळी नाही."

"अगं, असं बोलू नये थोरलीला," सासूबाई म्हणाल्या. पण बघितलं त्यांनी थोरलीकडे, आणि तो तुकडा हळूच पाठीमागे नेला.

दारात दोघे भाऊ येऊन उभे होते. थोरल्याच्या चेहऱ्यावर ‘सांगितलं होतं’ एवढंच लिहिलेलं होतं.

"हो," थोरली म्हणाली. "दुखतंय. पण तपासणी झालेली नाही, हेही खरं आहे."

"चला मग उद्या. माझ्याबरोबर चला. डॉक्टरीणबाईंसमोर सांगा. खोटं निघालं तर तिथेच विचारीन तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच रिक्षात, दोन टोकांना बसून गेल्या. मधल्या जागेत तिसरी बाई आरामात बसली असती. केंद्राच्या बाकांवर नेहमीसारख्या बायका होत्या, फाईल मांडीवर उभी धरून बसलेल्या, एकमेकींच्या फाईलची जाडी डोळ्यांनी मोजणाऱ्या. थोरलीला त्या नजरेची ओळख होती. नवी पातळ फाईल आली की जुन्या बायका हसून जागा देतात, आणि जागा देताना मनात म्हणतात, हिचं आधी न होवो.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म काढला. ‘हो’ पुढची खूण पाहिली, तारीख पाहिली, तारखेला काय काय झालं ते संगणकावर पाहिलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"झालेली नाही."

धाकटीनं थोरलीकडे बघितलं नाही.

"चूक तुझी एकटीची नाही. कागद बघितल्याशिवाय शिक्का पडायला नको होता, ते मी बघते. आजच करून घेऊ, दोन मिनिटांचं काम आहे. बीजं ठरल्या दिवशी काढू, औषधं वाया जाणार नाहीत. पण गर्भ आत सोडायचा नाही. गोठवून ठेवू. अहवाल चांगला आला तर पुढच्या पाळीनंतर बघू."

"म्हणजे महिना-दीड महिना," धाकटी म्हणाली.

"साधारण. हे लक्षात कुणाच्या आलं?"

धाकटीनं मग हनुवटीनंच दाखवलं, "यांच्या."

"नशीबवान आहेस. अशी जाऊ कुणाला मिळते?"

दोघीही जमिनीकडे बघत राहिल्या. जमिनीवर चौकोनी फरश्या होत्या. थोरलीनं त्यातल्या अकरा मोजल्या. आयुष्यात तिला इतकं लाजल्यासारखं कोणत्याच शिवीनं झालं नव्हतं.

पडद्यामागे धाकटी गेली. बाहेर थोरलीला सगळं ऐकू येत होतं. कागदाची चादर चुरचुरली, उपकरण ट्रेवर टेकलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ढिलं सोड... जरासं गार लागेल... आता ब्रश." आणि मग धाकटीचा आवाज, लहान पोरीसारखा, "सांगून करा हं."

थोरलीनं डोळे मिटले.

उरलेली इंजेक्शनं धाकटीनं तिच्याकडून घेतली नाहीत. धाकट्यानं हिंमत केली. सुई बघून तो भिंतीला धरून खालीच बसला आणि त्यालाच पाणी द्यावं लागलं. मग ती स्वतःच टोचायला शिकली. पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी ओठ चावला, तिसऱ्या दिवशी टोचून झाल्यावर जिन्यात गुणगुणत उतरली. जे शिकायला थोरलीला वर्षं लागली ते हिला तीन दिवस. थोरलीला त्याचंही वाईट वाटलं. हेव्याला काय, चारा कुठलाही चालतो.

बीजं निघाली अकरा. गर्भ झाले चार. चारही गोठवले. थोरलीचे दोन, धाकटीचे चार, एकाच केंद्रातल्या थंडीत. तिथे तरी ते एकमेकांकडे बघत नसतील, एवढाच दिलासा.

मग अहवालाची वाट. घरात कोणी तिच्याशी भांडलं नाही. भांडणं परवडलं असतं. ताट वाढलेलं असायचं, चहा ठेवलेला असायचा, पण ‘घेतलास का’ कोणी विचारायचं नाही. सासूबाई काज करता करता स्वतःशी म्हणायच्या, "महिना गेला वाया," आणि धागा दातानं तोडायच्या. मशीन चालायचं, कात्री चालायची, आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये एवढी मोठी शांतता असायची की वीस पदरी कापड अंथरावं.

त्या शांततेत एके दिवशी थोरलीनं स्वतःला पकडलं. कॉलर कापत होती आणि मनात म्हणत होती, काहीतरी निघू दे. मोठं नको. छोटंसं. एवढंसं. म्हणजे सगळे म्हणतील, बरं झालं सांगितलंस. कात्री मध्येच थांबली. आपण खरं ठरावं म्हणून दुसरीच्या पिशवीत रोग मागतोय आपण? तारेच्या टोकाची ती धग, तो जळका वास, नंतरचे ते दिवस, अहवालाच्या पाकिटाचं ते उघडणं, हे सगळं त्या पोरीला मिळावं म्हणून? तिच्या हाताला घाम सुटला. कापडावर बोटांचे ओले ठसे उठले.

"नको," ती मोठ्यानं म्हणाली.

"काय नको?" सासूबाईंनी विचारलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"काही नाही. खडू संपलाय."

पण ‘नको’ म्हणून हेवा उठून गेला नाही. तो तिथेच बसून राहिला, फक्त आता तिला त्याचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा तिच्यासारखाच होता. निघू दे, नको, निघू दे, नको. असं करत तिनं ते उरलेले दिवस काढले.

अहवाल मंगळवारी दुपारी आला. धाकटा काउंटरवरूनच ओरडला, "साफ! काहीच नाही! तीन वर्षं पुन्हा तपासायला नको!" सासूबाईंनी हातातलं बटण सोडून दिलं, ते घरंगळत टेबलाखाली गेलं.

"बघ," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून म्हणाल्या ते सगळ्यांना कळलं. "काही नव्हतंच. उगाच."

थोरली टेबलाखाली वाकली, बटण शोधलं, त्यांच्या हातात दिलं. "बरं झालं," ती म्हणाली. छातीतून काहीतरी सुटलं, आणि सुटता सुटता एक काटा मागे राहिला.

पाच वाजता सासूबाई पुढे दुकानात बसल्या. मागच्या खोलीत दोघीच उरल्या. धाकटी मशीनवरून उठली, टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. मध्ये वीस पदरी निळं कापड.

"अहवाल ऐकलात?"

"ऐकला. बरं झालं."

"ते आईंसमोर म्हणालात. आता माझ्यासमोर सांगा."

थोरलीनं खडू खाली ठेवला. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता. खोटं बोलायलासुद्धा अंगात बळ लागतं. "सुटल्यासारखं झालं. आणि थोडं वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं."

"किती?"

"हे काय माप आहे का टेपनं घ्यायला?"

"तरी."

"बोटभर."

धाकटी मग निळ्या कापडाची कड चिमटीत धरून म्हणाली, "तुमचा अहवाल आला होता ना, तो वाईट... त्या दिवशी मी वर गेले, दार लावलं आणि आरशात बघितलं. मला हसू येत होतं, ताई. दाबूनसुद्धा येत होतं. म्हटलं, आता माझं आधी होणार. मग खाली येऊन मी तुमच्या गळ्यात पडून रडले. आठवतंय?"

आठवत होतं. त्या रडण्यानं थोरलीला किती बरं वाटलं होतं.

"ते रडणं खोटं होतं?"

"नव्हतं ना! तीच तर गंमत. हसूही खरं होतं आणि रडूही." तिचे डोळे भरले होते. "तुमच्या जागी मी असते तर सांगितलं नसतं. तीन दिवसांनी काय, तीन महिन्यांनीही नसतं. मी किती दिवस याच रागात आहे, की वाईट बाई तुम्ही आणि सांगितलंत तुम्ही. मग मी कोण?"

थोरली टेबलाला वळसा घालून गेली नाही. तिला जवळ घेतलं नाही. तेवढं अजून जमण्यासारखं नव्हतं. तिनं फक्त कापडाची दुसरी कड धरली, आणि दोघींनी मिळून वरचा सरकलेला पदर सरळ केला.

"पुढच्या महिन्यात तुझं आत सोडतील," ती म्हणाली.

"हो. आणि तुमचे किती राहिले?"

"चार महिने."

"तोवर मी पुढे गेलेली असेन."

"जाशील."

"जळाल?"

"जळेन की. तू काय समजलीस, संत झाले मी?"

धाकटी हसली, नाक ओढत, हुंदका आणि हसू एकमेकांत अडकून. "आणि माझं नाही टिकलं, आणि मग तुमचं टिकलं, तर मी जळेन. आत्ताच सांगून ठेवते."

"सांगून जळलीस तर बरं. न सांगता जळलं की वास येतो."

या वेळी दोघीही हसल्या, इतक्या की थोरलीला टेबल धरावं लागलं. खूप दिवसांनी त्या खोलीत दोन बायकांचं हसू एकदम उठलं होतं, आणि ते पुढच्या दुकानात पोचल्याशिवाय राहिलं नाही.

"काय चाललंय गं दोघींचं?" सासूबाईंचा आवाज आला, कुतूहलानं आणि थोड्या संशयानं भरलेला. "कसली गुपितं?"

टेबलाच्या अलीकडून आणि पलीकडून एकाच क्षणी उत्तर गेलं, "काही नाही, आई!"